सिनेमात कुकर नसतो

फोन आला तेव्हा मी मंडईत होते आणि माझ्या हातात मुळ्याची जुडी होती. पलीकडून आमचा दिग्दर्शक धापा टाकत बोलत होता. "मॅडम, ताई हो म्हणाल्या. म्हणजे ऐकायला हो म्हणाल्या. उद्या दुपारी. हॉटेलात नको म्हणतात, लेखिकेच्या घरीच येते म्हणतात." मी मुळेवाल्याच्या हातावर नोट ठेवली आणि सुटे न घेताच चालायला लागले. तो मागून हाका मारत होता, पण माझं लक्ष कुठे होतं? शनिवार पेठेत राहणारी बाई सुटे पैसे सोडून निघून जाते म्हणजे काय झालं असेल, हे पुणेकरांना समजावून सांगायला नको.

मी मालिका लिहिते. पोरगी शाळेत होती तेव्हापासून लिहितेय, आता तिचं लग्न झालं. रोज रात्री आठ वाजता घराघरांत ज्या सासवा, सुना आणि आत्या एकमेकींना टोमणे मारतात, त्यांतले बरेच टोमणे माझे असतात. लोक विचारतात, "वा, म्हणजे तुम्ही सेटवर जात असाल, सगळ्यांना भेटत असाल." कसलं काय. मी डायनिंग टेबलाच्या एका टोकाला बसते, दुसऱ्या टोकाला सासूबाई भाजी निवडतात, आणि मुंबईहून मेसेज येत राहतात की सेट थांबलाय, सीन पाठवा. एखाद्या नटाला ताप आला की मी त्याला अर्ध्या तासात गावाला पाठवते. नटीला दिवस गेले की तिच्या हातात कायम परडी, नाहीतर उशी. मला या कामाची लाज वाटत नाही, कधी वाटलीही नाही. पण सिनेमा करायचा होता. एकच, पण करायचाच होता.

हा सिनेमा मी तीन वर्षं लिहीत होते. निर्माता मिळाला होता, पण निर्माते मिळतात ते अटींसकट. त्याची अट सरळ होती. नायिकेच्या भूमिकेला ताई हो म्हणाल्या तर दिवाळीनंतर शूटिंग. नाही म्हणाल्या तर त्याच्याकडे एक विनोदी सिनेमा तयारच होता, पैसे तिकडे. आणि उत्तर सोमवारपर्यंत हवं. ताई म्हणजे रंगभूमीवरच्या मोठ्या नटी. रविवारी संध्याकाळी पुण्यात त्यांचा नाट्यप्रयोग होता आणि त्याआधीची दुपार मोकळी होती. ती दुपार आम्हाला मिळाली होती. माझी पन्नाशी उलटली होती. आता नाही तर मग कधीच नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आमच्या धंद्यात पटकथा वाचायला देत नाहीत, ऐकवतात. लेखकाने समोर बसायचं आणि अख्खा सिनेमा तोंडाने करून दाखवायचा. म्हातारा बोलला की म्हातारा व्हायचं, कुत्रं भुंकलं की कुत्रं व्हायचं. याला नॅरेशन म्हणतात. कागदावर सोन्यासारखा सिनेमा असेल आणि लेखक समोर बसून ततपप करत असेल, तर तो सिनेमा तिथेच मेला. मी मालिकेत कधी नॅरेशन दिलं नव्हतं. तिथे कुणाला ऐकायला वेळच नसतो.

आमच्या दिग्दर्शकाबद्दल सांगते. हा मुलगा अमरावतीचा, खडकीत दोन मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. वयाने माझ्या लेकीएवढा, आणि सिनेमाच्या बाबतीत माझ्या आजोबांएवढा कडक. तीन वर्षांत त्याने माझा एकच दोष पुन्हा पुन्हा काढला. मालिकेत आम्ही प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतो. आधी घडवतो, मग कुणीतरी कुणालातरी ती बोलून दाखवतं. "काल तू ज्या पद्धतीने आत्यांना उत्तर दिलंस ना, त्यानंतर..." वगैरे. लोक हसतात, पण त्याला कारण आहे. बाई मालिका बघता बघता उठते, कुकर बंद करते, परत येते. तेवढ्यात गोष्ट पुढे गेली तर ती बाई गेली ती गेलीच. म्हणून आमचा नियम, की कुकर बंद करायला गेलेल्या बाईचं काही चुकता कामा नये. हे मी त्याला समजावलं तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, सिनेमात कुकर नसतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्तच झाला. मग प्रत्येक खर्ड्यात तो लाल पेन घेऊन बसायचा आणि जिथे कुणी घडलेलं पुन्हा बोललं तिथे कडेला छोटासा कुकर काढायचा. शिट्टीसकट. चौथ्या खर्ड्यात एकही कुकर नव्हता. तो म्हणाला, आता हा सिनेमा आहे. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

गोष्ट साधी आहे. मंडईत एक म्हातारा आहे, आयुष्यभर पालेभाजी विकली. गुडघे गेले म्हणून मुलाने त्याला गाळा विकायला लावला. गाळा घेतला शेजारच्याने, ज्याच्याशी म्हाताऱ्याचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. काही दिवस म्हातारा घरी बसतो आणि मग फिरायला जातो असं सांगून रोज पहाटे निघतो. जातो कुठे? आपल्याच जुन्या गाळ्यावर, त्या वैऱ्याच्या हाताखाली, मदतनीस म्हणून. घरी कुणाला पत्ता नाही. मग एक दिवस त्याची बायको भाजी घ्यायला मंडईत येते आणि समोर नवरा, डोक्याला फडकं बांधून दुसऱ्याच्या मालावर पाणी मारतोय. ती काय करते? ओळख दाखवत नाही. अनोळखी गिऱ्हाइकासारखी मेथीची जुडी उचलते, भाव करते, पैसे देते आणि जाते. तोही मान वर करत नाही. इथे मध्यंतर. त्या सीनमध्ये भावापलीकडे एक शब्द नाही, आणि सगळा सिनेमा त्या सीनवर उभा आहे. तो ज्याने बघितला नाही, त्याला पुढचं काही म्हणजे काही कळणार नाही. हे ध्यानात ठेवा.

आता सासूबाई. त्या माझी मालिका रोज बघतात, आणि साडेआठला ती संपली की वाईला फोन लावतात, आपल्या धाकट्या बहिणीला. मावशींची नजर काही वर्षांपूर्वी गेली. टीव्हीचा आवाज त्यांना ऐकू येतो, पण त्या म्हणतात नुसतं ढॅणढॅण ऐकू येतं, कोण आलं, कोण गेलं, कुणी कुणाकडे बघितलं काही समजत नाही. म्हणून सासूबाई त्यांना अख्खा भाग सांगतात. स्पीकरवर, पाय वर घेऊन, खुर्चीत मांडी घालून. "अगं, मग ती धाकटी आली. कशी आली? तोंड पाडून आली." मावशींना मालिका आहे हे माहीत आहे, पण त्या ती माणसं नात्यातली असल्यासारखी चौकशी करतात. रविवारी मालिका नसते तर फोनवर म्हणतात, "आज कुणाकडे काही घडलंच नाही का गं?"

एकदा मी सहज विचारलं होतं, "आई, मावशींना सांगितलंत का, हे सगळं मी लिहिते म्हणून?" सासूबाई गवार मोडता मोडता म्हणाल्या, "कशाला? उगाच तिचा विरस." बास. आमच्या पेठेत कौतुक असंच करतात, पण हे मला लागलं. इतकी वर्षं एका टेबलावर बसून मी लिहिते, त्यांच्याच तोंडची निम्मी वाक्यं उचलते, आणि मी लिहिते हे कळलं तर बहिणीचा विरस होईल म्हणे. ते मी मनातून काढलं नव्हतं, अजिबात नव्हतं.

तर शनिवारी मी मुळ्याची जुडी घेऊन घरी आले आणि सांगितलं की उद्या दुपारी ताई येतायत. सासूबाईंनी चष्मा काढला. "कोण, त्या? आपल्याकडे? किती वाजता?" म्हटलं, एक वाजता. "म्हणजे जेवायला." म्हटलं, नाही हो, गोष्ट ऐकायला. "अगं, एक वाजता आलेल्या माणसाला काय नुसती गोष्ट वाढणार?" दिग्दर्शकाने फोनवर तीनतीनदा बजावलं होतं, जेवण नको, फक्त चहा. मी ते सांगून बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "त्याला सांग, पुण्यात घर असलं की बोल." आणि चक्का आणायला बाहेर पडल्या.

रविवारी मसालेभात, अळूचं फदफदं, काकडीची कोशिंबीर, जिलेबी कशीबशी मी अडवली, आणि श्रीखंड. नवऱ्याला मी मित्राकडे पिटाळलं होतं, कारण तो नॅरेशनच्या मधे फ्रिज उघडतो. दिग्दर्शक साडेबाराला आला तो नवा शर्ट घालून, आणि टेबल बघून त्याचा चेहराच उतरला. "मॅडम, हे काय करून राहिले तुम्ही? ही लग्नाची पंगत आहे." त्याच्यामागून ताई जिना चढून आल्याच.

टीव्हीवर दिसतात त्यापेक्षा लहान चणीच्या, सुती साडी, हातात पिशवी. आल्या आल्या म्हणाल्या, "फोन सगळ्यांचे लांब ठेवा. मला गोष्ट ऐकताना फोन चालत नाही." आम्ही तिघांनी आपापले फोन फ्रिजवर ठेवले. मग त्या जेवल्या, आणि छान जेवल्या. श्रीखंड दोनदा घेतलं. सासूबाई वाढत होत्या आणि मी मनात देव पाण्यात घालून बसले होते. भीती होती, पण खरं सांगायचं तर आनंदच जास्त होता. माझ्या डायनिंग टेबलावर, जिथे मी हजार टोमणे लिहिले, तिथे ही बाई माझा सिनेमा ऐकायला बसली होती.

त्या दिवाणवर बसल्या, पाठीला तक्क्या. दिग्दर्शक खाली सतरंजीवर, मांडीवर पटकथा. मी सुरुवात केली. पहिली पाचेक मिनिटं कागदातच डोकं होतं, मग मंडईतली पहाट आली आणि मी सुटलेच. हमाल झाले, गिऱ्हाईक झाले, मुलगा झाले. मला नाटकात काम करता येत नाही, पण त्या दिवशी येत होतं. ताई दोनदा हसल्या. एकदा त्यांनी नुसतं "हं" केलं, ते ऐकून दिग्दर्शकाने माझ्याकडे असं बघितलं की आपण जिंकलो. मलाही तसंच वाटलं. मी उभी राहिले, हातवारे करायला लागले, कागदाकडे बघणंच सोडलं. आणि बायको मंडईत शिरली तेव्हा मी मुद्दाम आवाज खाली आणला, कारण हा शांत सीन. फार शांत सीन.

इतका शांत, की मला बारीकसं घोरणं ऐकू आलं.

आधी वाटलं खालून कुणाच्या गाडीचा आवाज. मग बघितलं. ताईंचे डोळे मिटलेले, मान तक्क्यावर, ओठ किंचित उघडे. मोठे कलावंत डोळे मिटून ऐकतात हे मी ऐकून होते. पण मोठे कलावंत डोळे मिटून घोरत नाहीत. दिग्दर्शकाने पटकथेत तोंड खुपसलं.

थांबायचं की पुढे जायचं? तुम्ही म्हणाल, थांबा, उठवा. अहो, उठवलं की त्यांना कळणार की त्या झोपल्या होत्या, आणि आपल्याला कळलंय हेही कळणार. इतक्या मोठ्या बाई ओशाळल्या तर होकार कुठला द्यायला. आणि नुसतं थांबलं तरी धोका, कारण दुपारी झोपलेला माणूस पंखा बंद झाला की जागा होतो. म्हणून मी वाचत राहिले. तीन वर्षं घासूनपुसून लिहिलेला सीन मी झोपलेल्या बाईसमोर केला. मेथी उचलली, भाव केला, पैसे दिले, निघून गेले. जीव तोडून केला. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी ताईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेल्या.

मी मध्यंतर म्हटलं. मग उत्तरार्धाचं पहिलं पान उलटलं, अगदी सावकाश. आणि आतून कुकरची शिट्टी झाली.

ताई खाडकन जाग्या झाल्या. पदर सावरला, चेहरा असा की जणू एक शब्द सुटलेला नाही. म्हणाल्या, "हं. पुढे."

पुढे काय? पुढे बायको घरी येते आणि काही बोलत नाही. ती का बोलत नाही, नवरा तिच्याकडे बघायचं का टाळतोय, यातलं काहीही या बाईला कळणार नव्हतं, कारण ती कुकर बंद करायला गेली होती. माझ्या डोक्यात हेच आलं. अगदी याच शब्दांत आलं. आणि बायकोने मालिकेतल्यासारखं सगळं पुन्हा बोलून दाखवायला हवं, याशिवाय मला दुसरं काही येतच नाही, हेही आलं.

मी म्हटलं, "संध्याकाळ. घर. ती बहिणीला फोन लावते."

दिग्दर्शकाने मान वर केली. पान उलटलं. पुन्हा मागे आला. मग दोन पानं पुढे. तो सीन त्याला कुठे सापडणार, तो नव्हताच. मी खुर्चीवर बसले, पाय वर घेतले, मांडी घातली आणि कानाला हात लावला. मला ठरवायला वेळ नव्हता म्हणून माझ्या तोंडून जो आवाज आला तो सासूबाईंचा आला. "अगं, आज काय झालं सांगू का..." आणि मी बोलत सुटले. मंडई, फडकं, पाणी, मेथी, भाव, सगळं. काय बोलले ते माझं मला ऐकू येत नव्हतं, कानात नुसतं घुमत होतं. एवढं आठवतं, की ताई पुढे सरकून बसल्या होत्या. दिग्दर्शकाने पान उलटणं थांबवलं होतं. आणि बोलता बोलता मला रडायला येत होतं, जे त्या सीनमध्ये मला तीन वर्षांत कधी आलं नव्हतं.

उत्तरार्ध संपला तेव्हा चार वाजत आले होते. ताईंनी पाणी मागितलं. प्यायल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगू? मी नाही म्हणायला आले होते. ह्यांनी फोनवर सांगितलं होतं, बाई फार बोलत नाही, सगळं डोळ्यांत आहे. म्हातारी झाले तेव्हापासून मला सगळे डोळ्यांतलंच देतात. मला तोंड आहे हो." दिग्दर्शक सतरंजीत शिरायला जागा शोधत होता. "पण तो फोनचा सीन. तो ऐकला आणि मला ही बाई कळली. तो मला जसाच्या तसा हवा. आत्ता तुम्ही म्हणालात तसाच, एक शब्द इकडचा तिकडे नको. आज प्रयोग संपेपर्यंत मला पाठवा. मी शांतपणे वाचते आणि सकाळी तुमच्या निर्मात्यांना फोन करते."

दाराशी चपला घालता घालता त्या सासूबाईंना म्हणाल्या, "श्रीखंड फार सुंदर होतं. जरा जडच झालं." सासूबाई म्हणाल्या, "झोप झाली ना पण?" ताई मोठ्याने हसल्या, जिना उतरेपर्यंत हसत होत्या.

दार लावलं आणि आम्ही दोघं टेबलाकडे धावलो. मी लॅपटॉप उघडला. "अगं, आज काय झालं सांगू का" इतकं टाइप केलं आणि हात थांबले. पुढचं वाक्य आठवेना. मी दिग्दर्शकाकडे बघितलं. तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल्या ना, मेथीचं काहीतरी." अरे, मेथीचं काय? "भाव केला म्हणाल्या. पण कसं म्हणाल्या ते... मी तुमच्याकडे बघत होतो मॅडम, ऐकत नव्हतो." दिवसभर चहाच्या कपाचेसुद्धा रील काढणारा हा मुलगा, आणि त्या दिवशी फोन फ्रिजवर.

आम्ही लिहिलं. पाच वाजले, सहा वाजले. लिहिलं ते सगळं व्याकरणशुद्ध आणि मेलेलं. माहिती होती, बाई नव्हती. तो लाल पेन शोधत होता आणि मी त्याला म्हटलं, आता कुकर काढलास तर हात तोडीन. मग मी रागाने आत गेले आणि सासूबाईंवर घसरले. म्हटलं, कुणी सांगितलं होतं मसालेभात करायला, आणि तीन वाजता कुकर कसला लावला होता? त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई घोरायला लागल्या. तू काही थांबेनास. मग मी काय करणार, लावला कुकर. आत नुसतं पाणी होतं." मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

साडेआठ झाले. रविवार होता, मालिका नव्हती. तरी सासूबाईंनी फोन घेतला, खुर्चीत मांडी घातली आणि वाईला लावला. मावशींचा आवाज आला, "आज कशी गं आठवण? आज काही घडतंय का कुणाकडे?"

"घडलंय," सासूबाई म्हणाल्या. "ऐक. एक मंडईतला म्हातारा आहे."

मी टेबलाशी बसले होते ती तशीच थिजले. त्यांनी सिनेमा सांगायला सुरुवात केली. दारात उभं राहून ऐकलेला, भांडी आवरता आवरता ऐकलेला, सगळा. गाळा, गुडघे, वैरी. मग मंडईतली भेट आली, आणि मग बायकोने बहिणीला लावलेला फोन आला, आणि मी लॅपटॉप ओढला. दिग्दर्शक माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. ताईंनी मागितलेला सीन त्याच रात्री गेला आणि त्यांचा होकार सकाळी निर्मात्याकडे पोचला, मंडईत आमचा कॅमेराही लागला, हे इथेच सांगून टाकते, कारण मला सांगायचंय ते त्या फोनचं.

"ती काय म्हणाली माहितीये बहिणीला?" सासूबाई सांगत होत्या. "म्हणाली, अगं, आज काय झालं सांगू का. मंडईत गेले तर हे. डोक्याला फडकं बांधून दुसऱ्याच्या मालावर पाणी मारतायत. माझे पाय तिथेच रुतले. वाटलं, हात धरून घरी आणावं. पण मग म्हटलं, ह्यांनी मला सांगितलं नाही म्हणजे मला दिसायचं नाहीये त्यांना. मग मी मेथी उचलली. भाव विचारला. त्यांनी सांगितला, खाली बघून. मी म्हटलं, फार होतात, कमी करा. अगं, मी कधी त्यांच्या गाळ्यावर भाव केलाय का? पण नसता केला ना, तर त्यांना कळलं असतं की मला कीव आली. म्हणून केला. चांगला घासून केला."

इथपर्यंत माझं होतं. शब्द आठवत गेले तसतसे माझी बोटं पळत होती. इथे माझा सीन संपत होता, मला चांगलं आठवलं, इथून मी उत्तरार्धात गेले होते. पण सासूबाई थांबल्या नाहीत.

"आणि घरी येऊन तीच मेथी केली. हे जेवायला बसले. म्हणाले, मेथी चांगली आहे, कुठून आणलीस? मी म्हटलं, मंडईतून. म्हणाले, महाग मिळाली असेल. मी म्हटलं, नाही हो. माणूस बरा होता."

माझे हात कळफलकावर तसेच राहिले. हे मी म्हटलं नव्हतं. तीन वर्षांत, चार खर्ड्यांत, त्या दुपारीही, कधीच नव्हतं म्हटलं.

वाईहून मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या, "हे कुणाच्या घरातलं गं?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता म्हणतील, कुणाचं नाही, सिनेमा आहे. विरस.

"आमच्याच," त्या म्हणाल्या. आणि फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळल्या, "बघत काय बसलीस? लिहून घे."